दहाला एक म्हणणारं दार

मी एकदा दहाला एक समजले.

पहिलीत असताना नव्हे. दोन्ही मुलांची लग्नं झाली होती, उमरग्यात हायवेच्या कडेला माझा कॉम्प्युटर क्लास होता, दारावर माझ्या नावाची पाटी होती आणि अडलेला माणूस 'मॅडमना विचारा' म्हणून माझ्याकडं धाडला जात होता, अशा दिवसांत. दहा लिहिलेलं होतं. मी त्यातला एक घेतला आणि शून्य सोडून दिलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी हे वाचन एका दाराला शिकवलं, आणि ते दार माझ्या नावानं भल्याभल्या माणसांना सांगत सुटलं की, तुम्ही जुने झालात, नवे होऊन या.

ती बाई आज मला भेटली तर मी तिला खुर्ची देईन, चहा पाजीन आणि मग पोटभर हसेन. पन्नाशी ओलांडलेली, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि गळ्यात मंगळसूत्राशेजारी दोरीला बांधलेला पेन ड्राइव्ह. तुळजापूरपासून हुमनाबादपर्यंत आपल्याएवढी हुशार बाई झाली नाही, अशी तिची मनोमन खात्री. माझी नात आज पुण्यात याच धंद्यात आहे. तिला हा किस्सा सांगितला तर ती म्हणाली, आज्जी, लिहून काढ, आमच्या ऑफिसात कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून लिहितेय. अब्रू जायची ती माझी नाही, त्या पेन ड्राइव्हवाल्या बाईची जाईल.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. तुम्ही मोबाइलवर नाहीतर कॉम्प्युटरवर एखादं पान उघडता, तेव्हा ते मांडून दाखवणारा एक गडी असतो. त्याचं नाव ब्राउझर. पान माझं, माझ्या दुकानातून निघालेलं. पण ते मांडणारा गडी तुमच्या घरचा. आणि घरोघरचे गडी वेगळे. एक जण फोटो सांगितलेल्या जागी लावतो, दुसरा तोच फोटो कोपऱ्यात नेऊन टाकतो, तिसरा तर 'कसला फोटो' म्हणून बसून राहतो. म्हणून आम्ही पानासोबत बारीक अक्षरातल्या सूचना धाडायचो. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. ती माझ्याकडं चालत नाही. तुमच्या घरी पोचली की तुमचाच गडी ती वाचतो आणि त्याप्रमाणं वागतो. त्या काळी या सूचनांची पहिली ओळ बहुतेक हीच असायची: बाबा रे, तू कोण? नाव काय आणि कितवी आवृत्ती? उत्तर बघून पुढचं ठरायचं.

आता या प्रश्नाला ब्राउझर जे उत्तर देतो ते ऐकण्यासारखं असतं. लांबलचक ओळ, आणि तिची सुरुवात 'मोझिला' या शब्दानं. सगळ्यांचीच. ब्राउझरचं चिन्ह कोल्ह्याचं असो, निळ्या ई-चं असो, नाहीतर रंगीत चेंडूचं. याला कारण आहे. फार पूर्वी काही पानं मोझिला म्हणवणाऱ्यालाच पंचपक्वान्न वाढायची आणि बाकीच्यांची भाकरीवर बोळवण करायची. मग बाकीचेही आपलं नाव सांगताना आधी मोझिला म्हणू लागले, आणि जेवायला बसले. ती सवय आजतागायत सुटलेली नाही.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये मी फक्त मोझिला हा शब्द शोधला. क्लासातल्या सगळ्या मशीनवर चालवून पाहिलं. सगळीकडून तेच उत्तर. मी इतकी खूश झाले की आमच्या ह्यांना जेवताना सांगितलं, उमरग्यात झाडून सगळे एकाच ब्राउझरचे लोक आहेत, माझं काम सोपं झालं. ह्यांनी आमटी ओरपली आणि विचारलं, मग विचारायचं तरी कशाला? मला तेव्हा तो प्रश्न अडाणी वाटला होता.

आणि यातली खरी लाज पुढं आहे. मी शेळ्यांच्या व्यापाऱ्याची लेक. माहेर अणदूर. आमच्या जिल्ह्याची शेळी नावाजलेली: काळी, लांब कानांची, जुळी देणारी. त्यामुळं बाजारात दोरी धरून उभा असलेला प्रत्येक माणूस आपली शेळी अस्सल उस्मानाबादीच असल्याचं सांगतो. तीन मुलुखांचं रक्त मिसळलेली असली तरी सांगतो. आमचे वडील ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि समोरच्याचं बोलणं चालू असतानाच शेळीचा जबडा उघडून दात बघायचे. मग कासेखाली हात. मग तिला चार पावलं चालवायची. तोंडानं एक शब्द नाही. मी दोन वेण्या घालून शेजारी उभी असायचे आणि मला वाटायचं की आपले वडील थोडे उद्धट आहेत.

तर कमल. कमल माझी अणदूरची मैत्रीण, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, लग्नही गावातच झालेलं. लग्नात तिच्या आईनं तिला एक पाट दिली होती, म्हणजे अजून न व्यालेली कोवळी शेळी. त्या पाटीच्या लेकी, लेकींच्या लेकी, असा सगळा कळप कमलच्या दावणीला वाढला. बाहेरची शेळी तिनं कधी आत घेतली नाही. म्होरकी होती चांदी. अंगानं कोळशासारखी आणि एका कानावर पांढरा ठिपका. चांदी उठली की कळप उठायचा.

या शेळ्यांचं पान करायचं मीच टुमणं लावलं. पाळायला शेळी घेणारे लांबून बघतील, चांगल्या घरी करडं जातील. कमलला त्यातलं काही पटलं नव्हतं, पण माझी हौस म्हणून तिनं शेळ्यांना आंघोळ घातली. मी कॅमेरा घेऊन गेले. एकेका शेळीचा फोटो, खाली नाव, वय, किती वेळा व्याली, जुळी की एकटं. फोटो आपोआप सरकत जायचे. ते सरकणं मला एका पुस्तकातून जमलं होतं आणि मी त्यावर बेहद्द खूश होते.

मग लातूरहून एका डॉक्टरांचा फोन आला. अतिशय सभ्य माणूस. म्हणाले, मॅडम, तुमचा तो शिंगवाला बोकड आवडला. त्याखाली लिहिलंय की तो दोनदा व्यालाय आणि दोन्ही वेळा जुळी दिली. तर त्याची किंमत काय सांगता?

झालं होतं ते असं. डॉक्टरांच्या दवाखान्यातला ब्राउझर फार जुना. त्यानं माझे फोटो एका घरात लावले आणि नावं एक घर पुढं सरकवली. चांदीचं बाळंतपण बोकडाच्या नावावर गेलं. डॉक्टर फोनवर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मी कमलला सांगितलं तर ती हसून हसून गोठ्यातच बसली.

अशा वेळी शहाण्या माणसानं पान सोपं केलं असतं. आमच्या मॅडमनी दार बसवलं.

दार म्हणजे स्क्रिप्टच. पान उघडायच्या आधी ती ब्राउझरला नाव विचारायची आणि नावापुढचा आवृत्तीचा आकडा वाचायची. कुणाला निदान तीन असला पाहिजे, कुणाला सात. त्याहून कमी असेल तर लाल चौकट: 'आपला ब्राउझर जुना आहे. कृपया नवीन घेऊन यावे.' खाली क्लासचा फोन नंबर. आत शेळी नाही, शेळीची शेपटीही नाही. आमच्या ह्यांनी ती लाल चौकट पाहिली आणि म्हणाले, पाहुणा दारात आला की लोक पाणी विचारतात, तू वय विचारतेस. मी म्हटलं, तुम्हाला यातलं काय कळतं?

आणि आकडा वाचताना त्या हुशार बाईनं काय केलं, तर नावापुढचं फक्त पहिलं अक्षर उचललं. तेव्हा आकडे होतेच एकेरी. तीन, सहा, आठ. दोन अक्षरी आकडा कधी येईल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

दार बसलं, बरीच वर्षं नीट चाललं, आणि मी ते विसरून गेले.

मग कमलचे गुडघे गेले. आधी जिना, मग ओढा, मग बांध. शेळ्यांमागं फिरणं म्हणजे दिवसभराची पायपीट, ती कुणाच्या भरवशावर करायची? मालक वारलेले, एकुलता मुलगा पुण्यात. त्यानं ठरवलं, आईला घेऊन जायचं, ऑपरेशन करायचं, आणि नंतर तिला परत गोठ्यात पाठवायचं नाही. तो गाडी घेऊन येणार तो दिवस ठरला. नेमका त्याच दिवशी आठवड्याचा बाजार.

बाजारात काय होतं ते मी सांगायला नको. तिथं शेळी किलोवर जाते. कमलनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, पण वाक्यं तुटक होती. खाटकाला देणार नाही, पाळणाऱ्याला देईन. आणि कळप फोडणार नाही. बाजाराच्या दिवसापर्यंत वाट बघीन. नंतर माझ्याच्यानं होणार नाही.

मी म्हटलं, तू निर्धास्त राहा. पानावर 'संपूर्ण कळप पाळणाऱ्यालाच देणे आहे' असं ठळक लिहिलं. पानाला एक काउंटर होता, दारात पाऊल पडलं की आकडा पुढं सरकायचा. तो रोज सरकत होता. मी रोज कमलला कळवत होते, आजही लोक येऊन गेले, कालच्यापेक्षा जास्त. फोन मात्र एकही नाही.

पहिले काही दिवस कमल 'बरं' म्हणाली. मग तिच्या बोलण्याला धार आली. एक दिवस म्हणाली, "मंगे, लोक येत्यात म्हंतीस, मग बोलत का न्हाईत? मुक्याबहिऱ्यांची जत्रा भरलीय व्हय तुझ्याकडं?"

मी तिला बाजारपेठेचं मानसशास्त्र समजावून सांगितलं. खरंच सांगितलं. लोक आधी बघतात, मग विचार करतात, मग फोन करतात. आज ते आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी क्लासचा फोन वाजला. हुमनाबादकडचे एक बसवराज अण्णा. मराठी चांगलं, पण चाल कानडी. रागावलेले होते, तरी अक्का म्हणायला विसरले नाहीत.

"अक्का, तुमचं मशीन मला म्हातारा म्हणतंय."

मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात सांगितलं की, ते तुम्हाला नाही, तुमच्या ब्राउझरला म्हणतंय. तुमचा जुना आहे, नवीन घ्या.

"नव्या मशीनचा डबा परवा फोडलाय. खोक्याचा वास अजून जाईना."

मग आवृत्तीचा आकडा बघून सांगा, मी म्हटलं. कुठं बघायचं तेही सांगितलं. ते शोधेपर्यंत मी समोरच्या पोरींना खूण करून हसवत होते, बघा, असली गिऱ्हाइकं येतात.

"दहा," ते म्हणाले.

"दहा नसेल. एक असेल. नीट बघा."

मग अण्णा अगदी शांतपणे म्हणाले, "अक्का, मी शाळेत गेलोय. शेळ्या दुसरीकडंबी आहेत." आणि फोन ठेवला.

मी आत जाऊन ह्यांना सगळं रंगवून सांगितलं, नकलेसकट. दहा म्हणे. म्हटलं, एक असेल तर म्हणे शाळेत गेलोय. दहा. आणि तिसऱ्यांदा दहा म्हणताना माझी जीभ जागीच थांबली. कारण माझ्या स्क्रिप्टमध्ये आकड्यासाठी घर एकच होतं. दहाला बसायला दोन लागतात.

मी खुर्चीकडं चालत गेले नाही, पळत गेले. फाइल उघडली. ती ओळ तशीच होती, माझ्याच हातची. पहिलं अक्षर घे, बाकीचं सोड. गेल्या काही महिन्यांत ब्राउझरवाल्यांनी भराभर आकडे वाढवायला सुरुवात केली होती. महिना-दीड महिन्यात नवा आकडा, आणि तोही मालकाला न विचारता गुपचूप बदललेला. माझ्या क्लासात जुनी मशीनं, तिथं आठाच्या वर कुणी गेलंच नव्हतं, म्हणून मला पत्ता नाही. जो जो नव्या आकड्यावर गेला त्याला माझ्या दारानं म्हातारा ठरवून बाहेर काढलं. मागच्या महिन्यात आत आलेला माणूसही या महिन्यात बाहेर. नवी मशीनं घेणारे, शेळीपालन नव्यानं सुरू करणारे, ज्यांना कळप हवा होता नेमके तेच. आणि काउंटर त्या सगळ्यांची पावलं मोजत मला आनंद देत बसला होता.

तेवढ्यात लाइट गेली. भारनियमनाचे दिवस. मशीनला जोडलेली बॅटरी टीं टीं करायला लागली. तिच्यात जीव किती हे मला चांगलंच माहीत होतं: चहाला उकळी येईल एवढा. ओळ नीट लिहायला, तपासायला वेळ नव्हता. मी एक काम केलं. दारच उखडून काढलं. सगळी स्क्रिप्ट निवडली, पुसली, राहिलेलं साधं पान इंटरनेटवर चढवायला घेतलं. ती हिरवी पट्टी सरकत होती आणि बॅटरीचा आवाज लांबत चालला होता. ह्यांनी दारात उभं राहून विचारलं, काय झालं, तर मी हातानंच गप्प केलं. पट्टी पूर्ण झाली आणि स्क्रीन काळा पडला. खरंच सांगते, आयुष्यात पुन्हा कधी एवढी मजा आली नाही. भीतीही तेवढीच, पण मजा जास्त.

क्लासच्या फोनवर आलेला नंबर दिसायचा. लावला. उचलला तो अण्णांच्या घरातून, एका बाईनं. गंगम्मा, त्यांची बायको. तिला मराठी येत नाही, आणि माझी कानडी म्हणजे वडिलांच्या मागं बाजारात फिरून उचललेली, दहा-वीस शब्दांची. अण्णा बाहेर गेले होते. कुठं, ते मला शेवटी कळलं: दुसऱ्या कळपाच्या मालकाकडं.

मी माझ्या तोडक्यामोडक्या कानडीत विनवलं की तुम्हीच मशीनपुढं बसा आणि पान उघडा. ती बसली असावी, कारण खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ पंख्याची घरघर. मी देवाचं नाव घेत होते. खंडोबालाही कानडी कळते, म्हणून त्याचंच घेतलं.

"ईग बंतु," गंगम्मा म्हणाली. आता आलं.

एकेक फोटो ती बघत असणार. नंतर तिनं एकच प्रश्न विचारला, आणि तो मला लगेच कळला, कारण तो मी लहानपणी दर बाजारी ऐकला होता. हल्लु एष्टु? दात किती? चांदीचे सांगितले. मग तिच्या लेकींचे. बोकडाचे. नाव, वंश, आमच्या पानावरची गोड वाक्यं, कशाचीही चौकशी नाही. शेवटी म्हणाली, "नाळे बर्तीवि." उद्या येतो.

आणि फोन ठेवताना घरातल्या कुणाला तरी जोरात काही सांगितलं, त्यात नवऱ्याचं नाव होतं. त्यावरून माझ्या लक्षात आलं की त्या घरात शेळ्या कोण निवडतं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं अणदूर गाठलं. कमलच्या अंगणात बाजारचा व्यापारी येऊन बसला होता, वाईट माणूस नव्हता, त्याला त्याचा धंदा होता. त्यानं दोर आणले होते आणि चहा घेत होता. कमल उंबऱ्यात, पाय लांब करून. शेळ्या तिच्याकडं बघत होत्या, चरायला का सोडत नाही म्हणून. मी म्हटलं, थांब, हुमनाबादहून लोक येतायत. कमल माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझं लोक. मुकं का बोलतं?"

ऊन चढलं. व्यापाऱ्यानं दोनदा घड्याळ पाहिलं, मग उठून दोर हातात घेतले. कमल नुसतीच चांदीकडं बघत होती. त्यानं पहिला दोर एका पाटीच्या गळ्यात घातला. आणि हायवेच्या बाजूनं टेंपो वळला.

गंगम्मा ड्रायव्हरच्या शेजारून उतरली. अण्णा मागच्या हौद्यातून. मला बघून अण्णांनी नमस्कार केला आणि म्हणाले, दहा वाजून गेलेत अक्का, की तुमच्यात एकच वाजला? मी हात जोडले. त्याशिवाय करणार काय?

कमलनं चांदीची कहाणी सुरू केली. आईनं दिलेली पाट, तिची लेक, तिची लेक. गंगम्माला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तिनं पदर खोचला, चांदीचा जबडा एका हातानं उघडला, दात पाहिले. कासेखाली हात घातला. चार पावलं चालवली. मग पुढची. कळपातली एक शेळी सोडली नाही, कमल बोलत राहिली आणि ती बघत राहिली. शेवटच्या करडाला खाली ठेवून तिनं हात पदराला पुसले आणि व्यापाऱ्याच्या दोरातली पाट स्वतः सोडवली. व्यापारी हसला, म्हणाला, बाईस्नी कळतंय, आणि दोर गुंडाळून बाजाराला गेला. सगळा कळप. फोडायचा नाही, हेही कबूल.

टेंपोला फळी लावली. चांदी चढेना. पुढचे पाय रोवून उभी. ती चढली नाही म्हणून कुणीच चढेना. अण्णांनी ओढलं, मी मागून रेटलं, चांदीनं वळून मला एक शिंग दिलं. मग कमल उंबऱ्यातून उठली. जी बाई ओटा उतरताना दोन माणसं धरायची ती फळीवर पाय ठेवून वर चढली, एकेक पाऊल, ओठ दाताखाली धरून. वर जाऊन टेंपोत बसली आणि जीभ टाळूला लावून तिचा तो आवाज काढला. चांदी सरळ चढून तिच्या मांडीला येऊन उभी राहिली. मागून सगळा कळप.

उतरताना तिला आम्ही तिघांनी धरलं. तिनं टेंपोकडं पाहिलं नाही.

नंतरचं थोडक्यात सांगते. मी दार पुन्हा बसवलं नाही. पान नव्यानं लिहिलं, आणि त्यात ब्राउझरला नाव विचारणं बंद केलं. त्याऐवजी एकच परीक्षा: फोटो सरकवायला जे लागतं ते तुला करून दाखवता येतं का? आलं तर सरकते फोटो. नाही आलं तर एकाखाली एक साधे, प्रत्येकाचं नाव त्याच्याच पोटाशी घट्ट बांधलेलं. बाहेर कुणालाच काढायचं नाही. पुढं मी दवाखान्यांची पानं केली, बियाण्यांच्या दुकानांची केली, एका मंगल कार्यालयाचं केलं, सगळी याच रीतीनं. दोन-चार वर्षांपूर्वी ब्राउझरचे आकडे शंभरावर गेले. नात सांगत होती की पुण्यात त्यांच्याकडं आधीपासून धावपळ, कुणी दोनच अक्षरं वाचून शंभराला दहा ठरवेल म्हणून. तिनं मुद्दाम माझी जुनी पानं उघडून पाहिली. सगळी जशीच्या तशी उघडली. त्या दिवशी मी शेजारणींना पेढे वाटले आणि कारण विचारलं तर शंभरी झाली म्हणाले. कुणाची, ते सांगितलं नाही.

पण फोन न केलेले लोक मात्र डोक्यातून जात नाहीत. अण्णा रागावले म्हणून फोन केला. बाकीचे रागावलेसुद्धा नाहीत. लाल चौकट वाचली, असेल बुवा आपलंच जुनं, म्हणाले आणि गेले. त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत.

त्या दुपारी टेंपो गेल्यावर मी आणि कमल रिकाम्या दावणीपाशी बसलो होतो. तिचा मुलगा संध्याकाळी यायचा होता. खुंट्यांना तुटके दोर तेवढे राहिले होते. मला राहवेना. मी तिला सगळं सांगितलं: दार कसं बसवलं, ते प्रत्येकाला नाव आणि वय कसं विचारायचं, तो सांगेल त्यातलं मी अर्धंच कसं वाचायचे, आणि त्यापायी तिच्या शेळ्या कशा खाटकाच्या दोरापर्यंत जाऊन आल्या. मला वाटलं, रडेल किंवा दोन शिव्या घालेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. गुडघ्यावरून हात फिरवत माझ्या गळ्यातल्या पेन ड्राइव्हकडं पाहिलं. मग म्हणाली,

"मंगे, तुझ्या बापानं उभ्या जन्मात एका शेळीला तिचं नाव इचारलं न्हाय गं."